पावत्या घरीच ठेवा, काका

माझा एक ट्रक आहे, मीच चालवतो. यंदा इन्कम टॅक्सचं रिटर्न भरायला पहिल्यांदाच एका नव्या पोराकडे गेलो होतो. पोरगा चांगला आहे, हुशार आहे, कामात एकदम चोख. मी जाताना वर्षभराच्या डिझेलच्या पावत्या पिशवीत भरून नेल्या होत्या, महिन्याप्रमाणे गठ्ठे, प्रत्येक गठ्ठ्याला रबर, वर चिठ्ठी लावलेली. त्याने पिशवीकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "काका, पावत्या घरीच ठेवा, आपल्याला लागत नाहीत." मग नीट समजावूनही सांगितलं. म्हणे आपण इन्कम टॅक्सच्या कलम ४४एई मध्ये बसतो, दहापर्यंत गाड्या असणाऱ्याला सरकार खर्चाचा हिशेब विचारतच नाही, बारा टनांच्या वरची गाडी असेल तर पासिंगच्या वजनावर, म्हणजे मालासकट गाडीला जेवढं मंजूर आहे त्यावर, टनाला महिन्याला १००० रुपये उत्पन्न धरायचं आणि विषय संपला. माझी दहा टायर गाडी, पासिंग साडेअठ्ठावीस टन, म्हणजे महिन्याला २८,५००, वर्षाचे ३ लाख ४२ हजार. एवढ्या उत्पन्नावर काही भरावं लागत नाही. "टॅक्स शून्य बघा काका," असं हसून म्हणाला, त्याला वाटलं मी खूश होईन, आणि खूश व्हायला हवंच होतं खरं तर. पण पिशवी उचलून जिना उतरलो आणि तो 'शून्य' काही डोक्यातून जाईना.

कारण त्या पिशवीत काय होतं ते मला माहीत होतं ना. इकडची कोल्हापूरची साखर घेऊन गुजरातमध्ये मोरबीला जायचं आणि तिकडून टाइल्स भरून यायचं ही माझी नेहमीची लाइन. अंतर एका बाजूचं अकराशे किलोमीटरच्या आसपास, भरलेली गाडी चारच्या पुढे ॲव्हरेज देत नाही, म्हणजे एका बाजूला पावणेतीनशे लिटर डिझेल. भाड्यातून सगळ्यात आधी बाहेर जाणारा आणि सगळ्यात मोठा पैसा हाच. हप्ता त्याच्यानंतर, टोल त्याच्यानंतर, टायर, इन्शुरन्स, ग्रीसिंग, हमाली, वराई सगळं नंतर, आणि सगळ्यात शेवटी घर. दोन्ही बाजूंना माल भरलेला असेल आणि मोरबीत गाडी जास्त दिवस उभी राहिली नाही तर चार पैसे सुटतात, नाहीतर नुसती चाकं फिरतात. आणि हा जो सगळ्यात मोठा खर्च, त्याची एक ओळसुद्धा माझ्या रिटर्नमध्ये नाही.

पावत्यांचं एक बघितलंय का, त्या टिकत नाहीत. पंपाच्या मशीनचा तो गुळगुळीत कागद, डॅशबोर्डवर उन्हात राहिला की आधी फिकट निळा होतो, मग करडा, आणि पावसाळ्यापर्यंत कोरा पांढरा. कुठला पंप, किती लिटर, काय भाव, काही म्हणजे काही उरत नाही. केबिनमध्ये इंजिनची धग असते त्यामुळे अजून लवकर जातात. म्हणून मी वही ठेवतो, लांबट लाल कापडी पुठ्ठ्याची, वाण्याकडे असते तसली. तारीख, पंप, मीटरचं रीडिंग, लिटर, भाव, रक्कम, आणि टाकी टू टाकी भरल्यावर निघालेलं ॲव्हरेज. शेवटी शेरा. शेऱ्यात मी वारासुद्धा लिहितो, म्हणजे समोरून वारा होता का, कारण ताडपत्री फुगली की गाडी ओढते आणि डिझेल जास्त पितं हे तुम्हाला कुठलाही ड्रायव्हर सांगेल. पोरीने मोबाइलवर एक्सेल करून दिलंय, त्यात आकडे टाकले की बेरीज आपोआप येते, तेही भरतो. पण पंपावर उभ्या उभ्या, हाताला डिझेलचा वास असताना, वहीच बरी पडते. तिच्या पानांनापण तो वास लागलाय, बायको ती कपाटात ठेवू देत नाही.

ही सवय उस्तादची, म्हणजे ज्याच्या हाताखाली मी गाडी शिकलो त्या ड्रायव्हरची. मी क्लीनर म्हणून लागलो तेव्हा उस्तादला लिहिता येत नव्हतं फारसं, पण डिझेलचा हिशेब असा पक्का की मालकाचा मुनीम त्याला टरकून असायचा. टाकीत घालायला त्याची एक लाकडी पट्टी होती, तिच्यावर चाकूने खाचा पाडलेल्या. सकाळी गाडी सरळ जागेवर उभी असताना, स्टार्टर मारायच्या आधी, पट्टी आत सोडायची, वर काढायची आणि ओली खूण उजेडात धरायची. पट्टीवरचं डिझेल पायजम्याला पुसायचा. मग एकच वाक्य, "खंबाटकीत खाल्लं हिने." घाटात किती, सपाटीला किती, ट्रॅफिकमध्ये किती, सगळं त्या खाचांवरून त्याला कळायचं. तो म्हणायचा पाय हलका ठेव, डिझेल पायातून जातं. त्या काळात भाव सरकार ठरवायचं, वाढ झाली की पेपरात मोठी बातमी यायची, रात्री बारापासून नवा भाव, आणि आदल्या रात्री पंपांवर ही रांग. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये डिझेलचे भाव मोकळे केले, मग २०१७ च्या जूनपासून रोज सकाळी सहाला भाव बदलायला लागला. उस्तादची पट्टी लिटर मोजायची, रुपये मोजायची तिला कधी गरज पडली नाही. मला दोन्ही मोजावं लागतं.

आता त्या 'शून्या'कडे येतो.

घरी आल्यावर पोरीला म्हटलं, जरा बघ बरं, एका लिटरमध्ये टॅक्स किती असतो. ती कॉमर्सला आहे, तिला हे सोपं. तेल कंपन्यांच्या वेबसाइटवर दिल्लीच्या भावाची फोड दिलेली असते, ती बघून महाराष्ट्राची तिने वहीच्या मागच्या पानावर मांडून दिली. केंद्राची एक्साइज एप्रिल २०२५ मध्ये लिटरला १७ रुपये ८० पैसे झाली, तीच धरली. ही टक्केवारी नाही, रोख ठरलेला आकडा, कच्चं तेल स्वस्त होवो की महाग. मग एक्साइज आणि पंपवाल्याचं कमिशन धरून जी रक्कम होते तिच्यावर राज्याचा व्हॅट, आपल्याकडे २१ टक्के. म्हणजे टॅक्सवर परत टॅक्स. नव्वद रुपये लिटर धरलं तर व्हॅट साडेपंधराच्या आसपास. दोन्ही मिळून तेहतीस रुपये. तिने खाली रेघ मारून लिहिलं, दोनशे लिटरला साधारण ६,६०० रुपये. मी ते पान बराच वेळ बघत बसलो. एकदा दोनशे लिटर टाकले की ६,६०० रुपये टॅक्स मी तिथेच पंपावर रोख भरतो, भाडं हातात यायच्या आधी, नफा होणार की तोटा हे माहीत नसताना, कित्येकदा ट्रान्सपोर्टवाल्याच्या ॲडव्हान्समधून नाहीतर उसनवारीवर. आणि रिटर्नवर शून्य.

तिने वहीची जुनी पानंही चाळली, आणि तिथे २०२० आलं. ते साल मी विसरू शकत नाही. लॉकडाऊनमध्ये बाकी सगळं बंद, आम्ही चालू, कांदा, औषधं, पशुखाद्य, जे मिळेल ते भरलं. ढाबे बंद, स्टोव्हवर खिचडी, गावात शिरू देत नव्हते लोक. टीव्हीवर एप्रिलमध्ये सांगत होते की अमेरिकेत तेलाचा भाव शून्याच्याही खाली गेला. आम्ही म्हटलं चला, आता तरी डिझेल उतरेल. उतरलं नाही. मे महिन्यात केंद्राने डिझेलची एक्साइज एका रात्रीत १३ रुपयांनी वाढवली, ती झाली ३१ रुपये ८३ पैसे. पंपावरचा भाव तेव्हा हलला नाही, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही, मोर्चा नाही काही नाही. जे स्वस्त होणार होतं ते मधल्यामध्ये टॅक्समध्ये गेलं. मग ७ जूनपासून रोज थोडं थोडं भाव चढायला लागला आणि त्याच महिन्यात दिल्लीत डिझेल पेट्रोलपेक्षा महाग झालं, जे आधी कधी झालं नव्हतं. वहीत त्या महिन्यातल्या भावाच्या रकान्यात एकाखाली एक चढते आकडे आहेत, माझंच अक्षर आहे पण दाबून लिहिलेलं, पेनाचा वण मागच्या पानावर उठलाय. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईत डिझेल शंभरच्या पार गेलं. दिवाळीत केंद्राने १० रुपये कमी केले, २०२२ च्या मेमध्ये अजून ६, आणि जुलैमध्ये राज्याने व्हॅटमधून ३ रुपये. भाडं मात्र त्या सगळ्या काळात टनाला शे-दीडशेच्या पुढे हललं नाही. मोठ्या कंपन्यांच्या करारात डिझेल वाढलं की भाडं वाढवायची अट असते, एका गाडीच्या मालकाला कोण देतो अट? दलाल सांगतो, परवडत असेल तर भर, मागे चार गाड्या उभ्या आहेत.

पुण्या-मुंबईच्या वाचणाऱ्यांना बॉर्डरचं गणित कदाचित माहीत नसेल. आमच्याकडे कागल ओलांडलं की कर्नाटक. कितीतरी वर्षं आम्ही बेळगाव-हुबळीकडून येताना निपाणीच्या अलीकडे टाकी तोंडापर्यंत भरून घ्यायचो, तिथल्या पंपांवर मराठीत बोर्ड, पुढे महाराष्ट्र, डिझेल महाग. रात्री दोन वाजताही त्या पंपांवर गाड्यांची रांग, चहाच्या टपरीवर गर्दी, आणि पंधरा-वीस किलोमीटर पुढे आपल्या बाजूच्या पंपावर पोरं खुर्चीत झोपलेली. कर्नाटकने २०२१ च्या दिवाळीत टॅक्स बराच कमी करून १४.३४ टक्क्यांवर आणला होता. मग २०२४ च्या जूनमध्ये तो १८.४४ केला, तीन रुपये वाढले, आणि १ एप्रिल २०२५ पासून २१.१७, अजून दोन रुपये. तिकडच्या ट्रकवाल्यांनी त्याच महिन्यात संपही केला. आता वहीत निपाणीचा भाव आणि कोल्हापूरचा भाव शेजारी शेजारी लिहिला तर फरक उरत नाही. गुजरातला १४.९ टक्के व्हॅट आणि वर ४ टक्के सेस म्हणजे उपकर, पण तलासरी ओलांडून वापीत भरलं तरी आता हाताला फार काही लागत नाही, कारण २०२४ च्या जुलैपासून मुंबई-ठाण्याचाही व्हॅट २४ वरून २१ वर आणलाय. कुठे भरायचं हे ठरवण्यात जी थोडी हुशारी चालायची, दोन पैसे सुटायचे, ते गेलं.

आणि बघा ना, आपण टाकी भरतो एका राज्यात, रस्ता वापरतो दुसऱ्याचा. नॅशनल परमिटचे वर्षाला १६,५०० भरले की देशभर गाडी फिरते, ते पैसे सगळ्या राज्यांत वाटले जातात. डिझेलच्या व्हॅटचं तसं नाही, ज्याचा पंप त्याचा पैसा. पोरीने वाचून दाखवलं की अमेरिकेत ४८ राज्यं आणि कॅनडाचे १० प्रांत यांच्यात करार आहे. ट्रकवाला दर तीन महिन्यांनी हिशेब देतो, कुठल्या राज्यात किती मैल चालवली आणि कुठे किती डिझेल घेतलं, मग जिथे गाडी पळाली त्या राज्याला टॅक्स मिळतो, कमी पडलं तर तो भरतो, जास्त गेलं तर परत मिळतं. तिथला एका गाडीचा मालकसुद्धा माझ्यासारखीच नोंद ठेवतो, मीटर, लिटर, राज्य. फरक एवढाच की त्याची नोंद सरकार मागून घेतं. हे ऐकून मला त्याचा हेवा वाटला. काम वाढतं, चुकलं तर दंडही असेल, तरी वाटला.

आपल्याकडे बदल झालेच नाहीत असं मी म्हणणार नाही. मुंबईचा जकात नाका ज्याने बघितलाय त्याला विचारा. दहिसरला, मुलुंडला गाड्यांची मैलभर रांग, मे महिन्यातली रात्र, केबिनमध्ये डास, पुढची गाडी चार फूट सरकली की आपण चार फूट सरकायचं, इंजिन बंद करता येत नाही, आणि डिझेल जागेवर जळतंय. वहीत त्या रात्रींपुढे शेऱ्यात नुसतं 'नाका' लिहिलंय आणि ॲव्हरेज तीनच्या आसपास. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि नाका गेला. पहिल्यांदा न थांबता आत गेलो तेव्हा चुकल्याचुकल्यासारखं झालं, पाय आपोआप ब्रेकवर गेला होता. तो एक खरा फायदा झाला आमच्यासारख्यांचा आणि तो मी मान्य करतो. फक्त डिझेल तेवढं जीएसटीच्या बाहेर राहिलं, ते आजतागायत बाहेरच आहे. २०२१ ला लखनौच्या जीएसटी कौन्सिलच्या बैठकीत विषय निघाला होता, वेळ आलेली नाही म्हणून तसाच राहिला.

रस्त्यांचंही तसंच. त्या १७ रुपये ८० पैशांत २ रुपये रस्ते आणि पायाभूत सुविधांचा सेस आहे, ४ रुपये शेतीचा सेस. मी शेतकऱ्याचा मुलगा, भाऊ अजून ऊस लावतो, शेतीसाठी लिटरमागे ४ रुपये जातात म्हटल्यावर मला वाईट वाटत नाही, उलट बरंच वाटतं. चांगला रस्ता मिळाला की वहीत लगेच दिसतं, सुरत-भरूच पट्ट्यात रात्री गाडी एका गिअरवर पळते तेव्हा ॲव्हरेज साडेचारच्या वर जातं, आणि सातारा-कागल सहापदरीच्या कामात डायव्हर्जन, सर्व्हिस रोड, खड्डे, परत डायव्हर्जन असं केलं की चारच्या खाली येतं. म्हणजे रस्त्याला पैसे लागतात हे मला कुणी शिकवायला नको. पण मग टोल कशाचा, हे मला आजपर्यंत कुणी नीट सांगितलेलं नाही. फास्टॅगचा टिंग वाजतो, मेसेज येतो, आणि टाकीतल्या डिझेलमध्ये रस्त्याचा सेस आधीच भरलेला असतो. आणि त्यात बेसिक एक्साइज जी राज्यांना वाटून मिळते ती लिटरला १ रुपया ८० पैसेच, बाकीचे सोळा रुपये सेस आणि जादा एक्साइज म्हणून केंद्राकडेच राहतात. मग राज्यं व्हॅट कशाला सोडतील? त्यांचंही खरंच आहे की.

मध्ये एका लग्नात गेलो होतो, पंगतीत शेजारी एक नोकरीवाले पाहुणे. त्यांचा टॅक्स पगारातून कापला जातो त्याचं दुःख सांगत होते, ते खरंही होतं. मग म्हणाले, तुमचं बरं आहे, ट्रकवाल्यांना कुठला टॅक्स. राग यावा असं ते बोललेच नव्हते, अगदी सहज बोलले. मी त्यांना वहीतला आकडा सांगितला, महिन्याला दोन फेऱ्या धरा, जाऊन-येऊन अकराशे लिटर डिझेल, त्यातला टॅक्स छत्तीस हजाराच्या आसपास. ते जेवायचे थांबले. म्हणाले, "अहो, हे आम्हाला कधी दिसत नाही." मी म्हटलं, मलाही दिसत नाही, मी पण काढून बघितलं तेव्हाच कळलं. त्यांच्याकडे फॉर्म सोळा असतो. त्यावर लिहिलेलं असतं की या माणसाने एवढा कर भरला. माझ्याकडे दाखवायला काय आहे, कोऱ्या पडलेल्या कागदांचे गठ्ठे.

युरियाची बादली घेतो तेव्हा, बीएस सिक्स गाडीला धूर साफ करायला तो लागतोच, बिलावर सीजीएसटी ९, एसजीएसटी ९ असं वेगळं छापलेलं असतं. टायरच्या बिलावर असतं. ढाब्यावरच्या जेवणाच्या बिलावर सुद्धा असतं आजकाल, पाच टक्के म्हणून. बिस्किटाच्या पुड्यावर सगळे कर धरून किंमत लिहिलेली असते. एकट्या डिझेलच्या पावतीवर लिटर, भाव, रक्कम, गाडी नंबर, आणि खाली धन्यवाद. जिथे सगळ्यात जास्त टॅक्स आहे तिथेच तो लिहिलेला नाही, हे मला बरोबर वाटत नाही.

आमच्या संघटनेची मागणी आहे डिझेल जीएसटीत आणा, क्रेडिट मिळू द्या, म्हणजे डिझेलवर भरलेला कर आपल्या भरायच्या करातून वजा करू द्या. मीटिंगला मी जातो, हात वर करतो. पण माझ्यासारख्याला त्यातून क्रेडिट कसं मिळणार? मी गाडी ट्रान्सपोर्टवाल्याला भाड्याने देतो, त्या भाड्यावर जीएसटीच नाही, तर क्रेडिट कशातून वळतं करणार. ते मोठ्या फ्लीटवाल्यांचं काम. भाव उतरला तर तेवढाच आमचा फायदा. म्हणून मागच्या मीटिंगला मी दुसरंच बोललो, माइक हातात धरायची सवय नाही तरी बोललो. म्हटलं, टॅक्स कमी करा की करू नका तो सरकारचा विचार, राज्य चालवायला पैसा लागतो हे आम्हालाही कळतं, पण पंपाच्या पावतीवर दोन ओळी वाढवा. केंद्राचा कर इतका, राज्याचा कर इतका. मशीनमध्ये लिटर आणि भाव आधीच आहेत, दर माहीत आहे, गुणाकार तेवढा करायचा. बोटभर कागद जास्त जाईल.

दोघं-तिघं पोरं नंतर बाहेर भेटली, नवीन गाड्या घेतलेली, कर्ज डोक्यावर. म्हणाली, भाऊ तोपर्यंत आम्ही काय करायचं. त्यांना वहीचं मागचं पान दाखवलं, त्यांनी मोबाइलवर फोटो काढले. सांगितलं की ॲव्हरेजच्या पुढे अजून दोन रकाने आखा, केंद्र आणि राज्य, आणि ज्या राज्यात भराल तिथला टक्का धरून तिथल्या तिथे लिहा, घरी जाऊन लिहीन म्हटलं की राहून जातं. वर्षाच्या शेवटी बेरीज करा आणि रिटर्न भरायला जाल तेव्हा ती बेरीज बरोबर न्या. मी पुढच्या वेळी नेणार आहे. रिटर्न भरून देणाऱ्या त्या पोराला फॉर्ममध्ये ती कुठेच टाकता येणार नाही हे मला माहीत आहे, तरी त्याने एकदा बघावी अशी माझी इच्छा आहे.